बाबांच्या दोन्ही डोळ्यांत स्टेंट बसवावा का?

तुम्ही तपशिलात लिहिलंय, त्यामुळे इतरांना संदर्भ लागावा एवढंच आधी सांगते. तुमचे बाबा ६८ वर्षांचे, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त, घर कोलशेतला. नऊ वर्षं काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत रोज ड्रॉप्सच्या तीन-तीन बाटल्या. आता दोन्हीकडे मोतीबिंदूही आलाय. डॉक्टरांनी सुचवलं की मोतीबिंदू काढतानाच दोन्ही डोळ्यांत ‘स्टेंट’, म्हणजे आतलं पाणी वाहून जायला एक अगदी बारीक नळी, बसवू; टाका नाही, त्याच दिवशी घरी, ड्रॉप्सही बहुतेक सुटतील. खर्चाचा आकडा ऐकून तुमचा भाऊ म्हणतोय थांबू या. आई म्हणतेय एकदाचं दोन्ही उरकून टाका. आणि तुम्ही विचारताय, ‘काचबिंदू काढून टाकायचं हे नवीन छोटं ऑपरेशन भरवशाचं आहे का?’

गेली २४ वर्षं मी ठाण्यात मुख्यतः काचबिंदूचेच पेशंट बघते आणि यातली बरीचशी छोटी ऑपरेशनं स्वतः करते. तुम्ही पाठवलेले कागद बघून माझं मत असं: उजव्या डोळ्यासाठी बहुधा हो, डाव्यासाठी नाही. आणि एक तपासणी तुमच्या फाइलमध्ये कुठेच दिसत नाही, ती झाल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका. तिच्याकडे येतेच.

आधी ‘काढून टाकायचं’ या शब्दाबद्दल. दोन्ही आजारांच्या नावात ‘बिंदू’ आहे, म्हणून हा घोळ घरोघरी होतो. मोतीबिंदू म्हणजे गढूळ झालेली लेन्स. ती काढता येते, तिच्या जागी दुसरी बसवता येते. काचबिंदूत काढण्यासारखं काहीच नसतं. तो डोळ्यामागच्या नसेचा आजार आहे. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात आणि काचबिंदूत ते एकेक करून मरत जातात. याची कारणं अनेक, पण आपल्या हातात असलेलं एकच: डोळ्यातला दाब. मेलेला तंतू परत येत नाही. ड्रॉप्स, लेझर, स्टेंट, मोठं ऑपरेशन, सगळे मिळून फक्त दाब उतरवतात, म्हणजे उरलेले तंतू टिकावेत. ऑपरेशननंतर बाबांना जास्त स्वच्छ दिसलं तर ते मोतीबिंदू गेल्यामुळे. हे घरात आत्ताच सांगून ठेवा, कारण ‘एवढे पैसे घातले आणि काचबिंदू आहे तिथेच’ ही तक्रार माझ्याकडे दर आठवड्याला येते.

आता हा दाब चढतो कसा. डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं, मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. ते आतल्या आत तयार होतं आणि आतूनच निघून जातं. त्याच्या निघून जाण्याची जागा म्हणजे रंगीत पडदा आणि समोरची पारदर्शक काच, कॉर्निया, जिथे मिळतात तो कोपरा. त्याला आम्ही ‘कोन’ म्हणतो. कोनात बारीक जाळी असते, जाळीमागे डोळ्याभोवती गोल फिरणारी केसासारखी नळी, तिला श्लेमची नळी म्हणतात. त्या नळीला फुटलेले फाटे शेवटी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या शिरांना मिळतात. उघड्या कोनाच्या काचबिंदूत अडथळा बहुतेक वेळा जाळीत आणि तिच्या लगतच्या भागात असतो.

म्हणजे जाळी मोकळी केली की काम झालं? ठाणेकरांना हे समजावायला मला फार कष्ट पडत नाहीत. जुलैत मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की काय होतं ते आपण दरवर्षी बघतो. नाला कितीही साफ केलेला असो, खाडीचंच पाणी वर असेल तर नाल्यातलं पाणी जाणार कुठे? नाल्याची पातळी खाडीच्या पातळीखाली उतरूच शकत नाही. डोळ्यात खाडीच्या जागी त्या बाहेरच्या शिरा आहेत. त्यांच्यातला दाब साधारण ८ ते १० असतो, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. वर फाट्यांचा स्वतःचा थोडा अडथळा. म्हणून जाळीवरची ऑपरेशनं कितीही सुबक केली तरी दाब बहुधा १४ ते १७च्या आसपास येऊन थांबतो. क्वचित १२ मिळतो, पण १२ मिळेल असं धरून कुणी ऑपरेशन ठरवू नये. तुमचा निर्णय या एका गोष्टीवर फिरतो. कुठल्या कंपनीचा स्टेंट हा प्रश्न बराच नंतरचा.

आता फाइल. उजवा डोळा: तीन औषधांवर दाब २०, फील्ड टेस्टचा, म्हणजे नजरेचा पसारा मोजणाऱ्या तपासणीचा, एमडी नावाचा आकडा उणे ४ (शून्याच्या जितका खाली, तितकं नुकसान जास्त). डावा डोळा: तीन औषधांवर दाब १८, एमडी उणे १४, आणि नजरेच्या मध्यबिंदूला वरून जवळजवळ चिकटलेला काळा पट्टा. उणे ६ पर्यंत सौम्य, उणे १२च्या पुढे गंभीर, अशी ढोबळ वर्गवारी आम्ही वापरतो. तर दाब बघितला तर डावा डोळा बरा वाटतो, आणि नुकसान बघितलं तर तोच धोक्यात आहे. २०२२च्या कागदावर त्याच डोळ्याचा आकडा उणे १० होता. म्हणजे १८ हा दाब त्या नसेला सोसत नाहीये. कॉर्नियाची जाडी ४९८ मायक्रॉन लिहिली आहे, सरासरीपेक्षा पातळ. पातळ कॉर्नियावर यंत्र दाब थोडा कमी दाखवतं. खरा दाब १८पेक्षा जास्तच असणार.

बाबा म्हणतात ‘मला तर दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतं’. दोन्ही डोळे उघडे असले की डाव्याचं भोक उजवा भरून काढतो. एकदा उजव्यावर हात ठेवून त्यांना समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा मध्य बघायला सांगा आणि वरचे आकडे दिसतात का विचारा. घोडबंदर रोडवर अजून स्कूटर चालवतात असं तुम्ही लिहिलंय. त्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी वेगळं बोला, मी इथे काही ठरवत नाही, पण तो विषय टाळू नका.

फाइलमध्ये ओसीटी (नसेच्या थरांचा स्कॅन) आहे, सात फील्ड आहेत, नसेचे फोटो आहेत. गोनिओस्कोपी नाही. ही तपासणी करायला डॉक्टर डोळा बधिर करून त्यावर आरशाची छोटी लेन्स टेकवतात आणि कोन प्रत्यक्ष बघतात. पाच मिनिटांचं काम, कागदाची प्रिंट निघत नाही, म्हणून ती हमखास राहून जाते. कदाचित केली असेल आणि लिहिली नसेल. पण विचारा, आणि लिहून मागा. कारण जाळीत बसणारे हे स्टेंट उघड्या कोनासाठी आहेत. आपल्याकडे बंद कोनाचा काचबिंदूही भरपूर दिसतो. तिथे पडदा जाळीवर येऊन टेकलेला असतो, कधी चिकटलेला. तिथे स्टेंट घालणं म्हणजे बंद दाराला नवी कडी लावणं. गंमत अशी की तशा डोळ्यात नुसती लेन्स काढली तरी कोन उघडतो आणि दाब उतरतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ईगल’ नावाच्या मोठ्या चाचणीने बंद कोनाच्या आजारात हे नीट दाखवून दिलं. बाबांचा कोन अरुंद निघाला तर कदाचित स्टेंटच्या पैशांचा प्रश्नच मिटेल.

आता या छोट्या ऑपरेशनांबद्दल. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘मिग्ज’ म्हणतात. हे एका ऑपरेशनाचं नाव नाही, एका कुटुंबाचं आहे. नाव रूढ केलं कॅनडातल्या डॉ. आइक अहमद यांनी, पंधराएक वर्षांपूर्वी. कल्पना मात्र जुनी. लहान मुलांच्या जन्मजात काचबिंदूत आतून जाळी चिरण्याचं तंत्र ओट्टो बार्कन यांनी १९३०च्या दशकातच रुळवलं होतं. नव्याची भर म्हणजे चांगले मायक्रोस्कोप, चांगल्या लेन्स आणि केसाएवढी उपकरणं.

ऑपरेशन थिएटरमध्ये दिसतं ते असं. मोतीबिंदू नेहमीसारखा काढतो, नवी लेन्स बसवतो. मग पेशंटला मान वळवायला सांगतो, मायक्रोस्कोप आपल्याकडे झुकवतो, डोळ्यावर गोनिओ लेन्स ठेवतो आणि त्याच दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून समोरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यात जातो. (इथे मानेचा त्रास असणाऱ्यांनी आधी सांगावं. स्पॉन्डिलायटिसच्या एका आजोबांची मान वळेना, तेव्हा टेबलच तिरकं करावं लागलं.) सगळं मिळून मोतीबिंदूच्या वेळेत दहा-पंधरा मिनिटांची भर पडते.

पुढे उपकरणाप्रमाणे फरक. आयस्टेंट टायटॅनियमचा, पहिला एक मिलिमीटरचा, अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळालेला. त्याची पुढची आवृत्ती आणखी लहान, जेमतेम ०.३६ मिलिमीटर, आणि एका वेळी दोन बसवतात. हायड्रस ८ मिलिमीटरची लवचीक पट्टी, श्लेमच्या नळीत साधारण पाव वर्तुळ झोपते आणि ती उघडी ठेवते. काही पद्धतींत आत काही ठेवतच नाहीत: दुहेरी पात्याच्या छोट्या सुरीने जाळीची पट्टी काढतात, किंवा ‘गॅट’मध्ये नळीतून दोरा पूर्ण गोल फिरवून, ओढून, जाळी आतून ३६० अंशांत उघडतात. झेन नावाची ६ मिलिमीटरची जिलेटिनची नळी वेगळ्या जातीची. ती पाणी जाळीतून न नेता डोळ्याच्या वरच्या त्वचेखाली सोडते. तिची ताकद जास्त, पण मोठ्या ऑपरेशनाचे काही तापही तिच्यासोबत येतात.

उपयोग किती? आयस्टेंटच्या दोन-स्टेंटवाल्या आवृत्तीची अमेरिकेतली मुख्य चाचणी घ्या. दोन वर्षांनी, औषध बंद असताना, दाब किमान २० टक्के उतरलेले पेशंट मोतीबिंदू आणि स्टेंटच्या गटात शंभरात सुमारे ७६ होते. नुसत्या मोतीबिंदूच्या गटात ६२. हा दुसरा आकडा जाहिरातीत कुणी ठळक छापत नाही. मोतीबिंदू काढणं हेच दाब उतरवणारं ऑपरेशन आहे. स्टेंट त्यावर भर घालतो, आणि ती भर खरी असली तरी माफक आहे. हायड्रसच्या चाचणीत पाच वर्षांनी ड्रॉप्सशिवाय असलेले शंभरात ६६, नुसत्या मोतीबिंदूवाले ४६. माझ्या अनुभवात भारतीय डोळ्यांतही साधारण असंच चित्र दिसतं: तीन बाटल्यांची एक किंवा दोन होतात, काहींची शून्य. ‘ड्रॉप्स बहुतेक सुटतील’ हे वाक्य मी पेशंटला म्हणत नाही. ‘एक तरी बाटली कमी होईल अशी आशा आहे’ असं म्हणते.

ही दोन्ही संशोधनं सौम्य ते मध्यम काचबिंदूच्या पेशंटांवर झाली, हेही लक्षात ठेवा. बाबांचा उजवा डोळा त्या चौकटीत बसतो. डावा बसत नाही.

नवेपणाबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. सायपास नावाच्या उपकरणाला २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, दोन वर्षांचे निकाल छान होते. पाच वर्षांचे निकाल आले तेव्हा कॉर्नियाच्या आतल्या पेशी प्रमाणाबाहेर कमी होताना दिसल्या आणि २०१८च्या ऑगस्टमध्ये कंपनीनेच ते बाजारातून मागे घेतलं. त्याची जागा वेगळी होती, जाळीतल्या स्टेंटांना तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. पण तेव्हापासून कुणी ‘लेटेस्ट’ म्हणालं की मी आधी विचारते, पाच वर्षांचं काय आहे तुमच्याकडे?

आता डावा डोळा, कारण माझी खरी काळजी तीच आहे. उणे १४चा डोळा, मध्यबिंदूपर्यंत पोचलेलं नुकसान, आणि १८ दाबावर पुढे सरकणारा आजार. अशा डोळ्यात मला दाब १२च्या आसपास हवा. गंभीर काचबिंदूवरच्या ‘एजीआयएस’ या अमेरिकी अभ्यासात ज्यांचा दाब प्रत्येक भेटीत १८च्या खाली राहिला त्यांचं फील्ड सरासरीने टिकलं, आणि त्या गटाचा सरासरी दाब १२च्या जरासा वर होता. जाळीवरचं ऑपरेशन १५-१६ला थांबलं तर? वर सांगितलेली खाडी आडवी आली.

त्यासाठी जुनं, बदनाम, मोठं ऑपरेशन आहे: ट्रॅबेक्युलेक्टॉमी, आम्ही नुसतं ‘ट्रॅब’ म्हणतो. १९६८ मध्ये केर्न्स यांनी मांडलेलं. डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत झडपेसारखा दरवाजा करून पाणी थेट वरच्या पापणीखाली, त्वचेच्या पातळ थराखाली सोडायचं. तिथे फोडासारखा मऊ फुगवटा तयार होतो, तो ब्लेब. खाडीला वळसा घालून काढलेला हा स्वतंत्र नाला, म्हणून दाब १०-१२पर्यंत उतरू शकतो. जखम भरून दरवाजा बंद होऊ नये म्हणून मायटोमायसिन नावाचं औषध लावतो.

त्याचे तोटे लपवत नाही. पहिले काही आठवडे वारंवार यावं लागतं, टाके सोडावे लागतात, दाब फार खाली गेला तर नजर धूसर होते, आणि ब्लेब जन्मभर सांभाळावा लागतो. मुरबाडकडच्या एका शेतकरी काकांचं ट्रॅब मी केलं होतं, दाब ११, सगळं छान. चौथ्या पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत डोळा लाल झाला, आणि लावणी संपवून, तीन दिवसांनी ते आले. ब्लेबला इन्फेक्शन. डोळा वाचला, नजर पूर्वीसारखी राहिली नाही. अशा काकांमुळेच मिग्जचा जन्म झाला, आणि ज्यांना ते पुरतं त्यांना मी आनंदाने मिग्जच देते.

पण उलट बाजूचीही एक आठवण आहे, आणि ती माझी स्वतःची चूक आहे. काही वर्षांपूर्वी कळव्याच्या एक शिक्षिका होत्या. एका डोळ्यात पुढे गेलेला काचबिंदू, दाब २२. ब्लेबला त्या घाबरत होत्या आणि मी नव्या तंत्राच्या उत्साहात होते. दोघींनी मिळून जाळी उघडायचं ठरवलं. दाब १६वर आला. कागदावर ते यशस्वी ऑपरेशन होतं, एका बैठकीत मी त्याचा व्हिडिओही दाखवला. दीड वर्षात त्यांचं फील्ड आणखी आत सरकलं. शेवटी ट्रॅब केलंच, दाब ११वर स्थिरावला. मधल्या दीड वर्षात गेलेलं मात्र गेलं. त्या अजून माझ्याकडे येतात, एका शब्दाने बोलल्या नाहीत. वही वाचताना ओळ चुकते, एवढंच एकदा म्हणाल्या.

म्हणून डाव्या डोळ्यासाठी मोतीबिंदू आणि ट्रॅब एकत्र, किंवा आधी ट्रॅब आणि काही महिन्यांनी मोतीबिंदू, यावर तुमच्या डॉक्टरांशी बोला. मी असते तर आधी ट्रॅब केलं असतं, कारण मोतीबिंदू अजून थांबू शकतो आणि नस थांबू शकत नाही. पण बाबांना पुन्हा ऑपरेशनला तयार करणं अवघड असेल तर एकत्र करणंही योग्यच. आणि क्रमाबद्दल माझा आग्रह: डावा आधी. बरेच लोक ‘सोपा डोळा’ आधी उरकतात, मग तो छान झाला की दुसऱ्याचा कंटाळा करतात. आईंना सांगा, दोन्ही एका दिवशी तर मुळीच नाही.

उजव्या डोळ्यात स्टेंटच का, दोऱ्याचं ‘गॅट’ का नको? खर्चाच्या दृष्टीने हा चांगला प्रश्न आहे. स्टेंट आयात होतो, म्हणून बिल फुगतं. गॅटला साधा प्रोलिनचा दोरा चालतो, टोक तापवून गुळगुळीत केलेला, काही शे रुपयांचा. २०१४ मध्ये डॅलसच्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली आणि आपल्याकडे ती पटकन रुजली, कारण उघड आहे. त्याहून स्वस्त म्हणजे साधी इंजेक्शनची सुई टोकाला वाकवून जाळीचा काही भाग चिरणं. हे जुगाड म्हणून हसण्यावारी नेऊ नका. योग्य डोळ्यात ते चांगलं काम करतं. स्टिरॉइडमुळे झालेल्या काचबिंदूत आणि तरुण पेशंटांमध्ये मी स्वतः गॅटलाच पसंती देते.

पण बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे आणि रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. पूर्ण जाळी उघडली की श्लेमच्या नळीतून रक्त उलटं डोळ्यात येतं. थोडं येणं चांगलंच असतं, वाट मोकळी झाल्याची ती खूण. पण दोन गोळ्यांवर असलेल्या माणसात हे रक्त दिवसेंदिवस साचून राहू शकतं आणि दाब उलट चढू शकतो. स्टेंटमध्ये रक्त बरंच कमी येतं. म्हणून त्यांच्या उजव्या डोळ्यात स्टेंटला किंवा मर्यादित छेदाला मी वरचा क्रमांक देईन. या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत, एक दिवसही नाही. ते हृदयाचे डॉक्टर ठरवतील. डोळ्यासाठी हृदय पणाला लावू नये.

आणि पैशांची ओढाताण असेल तर भावाचं म्हणणं चुकीचं नाही. उजव्या डोळ्यात नुसता मोतीबिंदू काढून ड्रॉप्स चालू ठेवणं हीही मान्य वाट आहे. वर दिलेले ६२ आणि ४६ हे आकडे त्याचेच आहेत. एक गोष्ट मात्र नक्की टाळा: त्याच पॅकेजमधली मल्टिफोकल (लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी) लेन्स. काचबिंदूत आधीच कॉन्ट्रास्ट कमी झालेला असतो, ती लेन्स तो आणखी घटवते. चांगली साधी, एकाच अंतराची मोनोफोकल घ्या, वाचायला चष्मा वापरतील. विम्याचं म्हणाल तर बऱ्याच पॉलिसींत मोतीबिंदूला वेगळी कमाल मर्यादा असते आणि स्टेंटचे पैसे त्यातून निसटतात. कॅशलेसची मंजुरी घेताना इम्प्लांटचं नाव आणि किंमत टीपीएकडून (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) लेखी मागा, फोनवरच्या ‘होऊन जाईल’वर जाऊ नका. बसवल्यावर इम्प्लांटचं कार्ड मिळतं, ते आधार कार्डाइतकं जपा. पुढे एमआरआय करायची वेळ आली तर तिथे दाखवावं लागेल.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस धूसर दिसतं. वाकून काम नको, जड उचलणं नको, डोकं जरा उंच ठेवून झोपा. स्टिरॉइडचे ड्रॉप्स काही आठवडे असतात आणि काचबिंदूच्या काही पेशंटांत त्यानेच दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात दाब उसळतो. घाबरून जाण्यासारखं नसतं, पण ती भेट चुकवण्यासारखीही नसते. काचबिंदूच्या जुन्या बाटल्या कुठली चालू आणि कुठली बंद, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. घरी गेल्यावर ‘आता स्टेंट आहे’ म्हणून सगळ्याच बंद करणारे खूप बघितले.

तोपर्यंत, ऑपरेशनची तारीख येईपर्यंत, एक काम करा. बाबा ड्रॉप्स कसे घालतात ते समोर बसून बघा, मधे न बोलता. माझ्या अंदाजाने निम्मे ज्येष्ठ नागरिक थेंब गालावर घालतात, किंवा तिन्ही बाटल्या लागोपाठ घालतात आणि दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या, थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं हलका दाबून धरा. तीन औषधांवरचा २० दाब कधीकधी एवढ्यानेच १७ होतो. शिवाय दम्याचा पंप, त्वचेची गोरेपणाची क्रीम, सांधेदुखीचं कुणी दिलेलं पावडरचं पुडकं, यांतलं काही चालू आहे का ते विचारा. स्टिरॉइड अशाच वाटांनी येतं. काचबिंदूच्या ड्रॉप्सपैकी टिमोलॉल चालू असेल आणि दम लागत असेल तर तेही सांगा.

लेझरचं तुम्ही शेवटी विचारलंय. जाळीवरचं एसएलटी हे लेझर ओपीडीत दहा मिनिटांत होतं, आणि नव्याने निदान झालेल्यांसाठी ते उत्तम आहे. इंग्लंडच्या ‘लाइट’ चाचणीत तीन वर्षांनी त्या गटातले शंभरात ७४ जण ड्रॉप्सशिवाय होते. नऊ वर्षं तीन औषधांवर असलेल्या डोळ्यात तेवढी अपेक्षा धरू नका. बाबांसाठी ती गाडी बहुतेक सुटली. तुमच्यासाठी नाही. तुम्ही ४३ वर्षांच्या आहात आणि वडिलांना काचबिंदू आहे, म्हणजे तुमचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त. भावाचाही. आपल्या देशात झालेल्या पाहण्यांत काचबिंदू असलेल्या दहातल्या नऊ जणांना तो आहे हेच माहीत नव्हतं. बाबांची गोनिओस्कोपी करून घ्यायला जाल त्याच दिवशी तुमचा दाब, तुमची नस आणि तुमचाही कोन बघून घ्या. बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स घालतील, म्हणून येताना गाडी तुम्ही चालवू नका, भावालाही चालवू देऊ नका, रिक्षाने या.